न्हाणीचा झरोका

ज्या वर्षी भाच्याचं, योगेशचं लग्न ठरलं, त्या वर्षी भाऊबीज रविवारी आली. २०२४ ची दिवाळी. कुसाबाई चांदवडहून सकाळच्या एसटीने निघाली, नाशकात द्वारका चौकात उतरून रिक्षाने जेलरोडला आली. भावाच्या फाटकात पाय ठेवला तेव्हा अंगणात बंब अजून धुमसत होता आणि भावजय अंजली त्याच्यापुढे उकिडवी बसून डोळे पुसत होती.

बंब कुसाबाईचाच. चांगला जाड तांब्याचा, सासूच्या हातचा. अंजलीची लेक निकिता गेली त्या महिन्यात तिने तो चांदवडहून टेम्पोत घालून पाठवला होता, कारण त्या घरात आता गॅसवर पाणी तापवायचं कोणी नाव काढत नव्हतं. विजेच्या गिझरलाही अंजलीने दारातून परत धाडलं होतं. न्हाणीत पाण्याशिवाय दुसरं काही नको, एवढंच म्हणाली. घरातली ती न्हाणी तर तिने कुलूप घालून बंदच केली आणि किल्ली कमरेच्या जुडग्यात अडकवली. तेव्हापासून अंघोळी मागच्या पत्र्याच्या आडोशाला. पहाटे लाकडं फोडा, बंब पेटवा, बादल्या उचला. वरच्या मजल्यावर अंजलीचा दीर शेखर राहायचा, त्याच्याही बादल्या इथूनच जायच्या.

"डोळे बघ तुझे," कुसाबाई पिशवी खाली ठेवत म्हणाली. "लाल भडक झालेत. सणाच्या दिशी तरी लेकाला सांगायचं, पेटव म्हणून."

"सवय झालीय वन्सं," अंजली म्हणाली. "या, पाय धुवा. पाणी चांगलं कढत आहे."

कुसाबाईने पाय धुतले. बंबाच्या तोंडाशी काळं किटण धरलं होतं. चार हिवाळे या बाईने धूर खाल्ला, आणि बोलायचं ते सगळं नवऱ्याला टोचून बोलली. कुसाबाईला ठाऊक होतं. कुसाबाईला बाकीचंही ठाऊक होतं.

आत बैठकीत शेखरने मोबाइल पुढे धरला होता आणि मोठ्याने वाचत होता. त्याचा थोरला भाऊ गोरक्ष खाटेच्या कडेला बसला होता. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात त्याची नोकरी, आता निवृत्तीला वर्ष राहिलेलं. तिथल्या एवढ्या मोठ्या बॉयलरच्या खाली जन्म काढलेला माणूस, पण घरात हल्ली पाहुण्यासारखा बसायचा, पाय जवळ घेऊन.

"ये ताई," तो उठला. "बस मिळाली का लवकर?"

"मिळाली. उभ्यानं आले पिंपळगावपर्यंत. काय वाचितो रे शेखर?"

"भाव, आक्का. हीट पंपाचा. एक लाख अडतीस हजार, टाकी धरून. पाइप आणि फिटिंग वेगळं."

"कशाला?"

"पाणी तापवायला."

"पाणी तापवायला?" कुसाबाई मटकन खाली बसली. "अरे, एवढ्यात दुभती म्हैस येती."

"आणि तिचं रेडकू पण," वैष्णवी म्हणाली. शेखरची ही लेक ओवाळणीचं ताट लावत बसली होती. सगळे हसले. गोरक्षही हसला, पण उशिरा.

"बघ आक्का," शेखर समजावू लागला, "एसीचं बाहेरचं खोकं असतं ना, तसं हे गच्चीवर बसतं. शेजारी टाकी. ते हवेतली ऊब ओढतं आणि पाण्याला देतं. वीज लागते, पण साध्या गिझरच्या मानाने थोडकी."

"थंडीच्या दिसांत हवेत ऊब कुठली रे? चांदवडला ये पौषात, दाखविते तुला ऊब."

"असते आत्या," दारातून योगेश म्हणाला. ओझरच्या विमानांच्या कारखान्यात होता तो, बोलायचा मोजकं. "थोडी का होईना, असते. त्याला तेवढी पुरते. मुख्य म्हणजे बाथरूममध्ये ना जाळ, ना गॅस, ना वायर. नळातून नुसतं पाणी येणार."

"मग चांगलंच हाय की."

"घेऊ," गोरक्ष म्हणाला.

"दादा, जरा खाली आणतो मी त्याला," शेखर म्हणाला. "दिवाळीची सूट देतात हे लोक. पाच-दहा हजार कुठे गेले नाहीत."

"नको. म्हणेल तो भाव देऊ. घासाघीस करायची नाही."

अंजली करंज्यांची परात घेऊन आत आली होती. तिने परात टीपॉयवर ठेवली, पदराने हात पुसले.

"आज म्हणेल तो भाव," ती म्हणाली. "तेव्हा मात्र साडेपाच हजारात भागलं होतं."

वैष्णवीचा हात ताटावरच थांबला. शेखरने मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला.

"वहिनी, सणाचं असं…"

"सणाचंच बोलतेय भाऊजी. तेव्हाही संक्रांतच होती."

"आई चुकीचं काय बोलली?" योगेश म्हणाला. "मी तेव्हाच सांगितलं होतं. आमच्या साहेबांच्या बंगल्यावर हेच यंत्र होतं. मी फोटो काढून आणले होते. पप्पा म्हणाले, गरम पाण्याला एवढे पैसे घालायला आपण काय संस्थानिक लागून गेलो?"

"म्हणालो होतो," गोरक्ष म्हणाला.

एवढंच. गेली चार वर्षं त्याचं उत्तर एवढंच असायचं. म्हणालो होतो. आणला होता. मीच आणला होता.

शेखरला ते सोसेना. "योगेश, तो गॅसचा गिझर आणायला दुकानात मी पण होतो तुझ्या बापाबरोबर. उचलून मीच आणला. मग माझ्याकडे पण दाखव ना बोट. मी यात अर्धे द्यायला बसलोय, पण दरवेळी हे ऐकून नाही देणार."

"पप्पा, तुम्ही गप्प बसा ना," वैष्णवी हळू म्हणाली.

"का गप्प बसू? वरच्या मजल्याला पाणी नेऊन देते म्हणून वहिनीचे उपकार आहेत, मान्य. पण दादा रोज मरतोय ते दिसत नाही कोणाला?"

"नका देऊ काका," योगेश म्हणाला. "कोणाचेच अर्धे नकोत. यंत्र बसवा नाहीतर नका बसवू. मी कंपनीत क्वार्टर मागितलंय. लग्न झालं की मी आणि यशश्री ओझरला राहायला जातोय." त्याने आईकडे पाहिलं. "आणि आई, तू पण. तिथे तुला बंब पेटवावा लागणार नाही."

बाहेर कोणीतरी फटाक्याची उरलीसुरली माळ लावली. ती सगळी वाजून संपली.

"यंत्र बसलं," गोरक्ष म्हणाला, "तर इथेही पेटवावा लागणार नाही."

कुसाबाईने भावाकडे पाहिलं. तेव्हा तिला कळलं, हा एवढे पैसे कशापायी मोजायला निघालाय. पाण्यासाठी नव्हेच. बायको आणि लेक घरात राहावेत, एवढ्यासाठी. आणि योगेश तर आजच निघाल्यासारखा दारात उभा होता, चपला पायात.

अंजलीने परात परत उचलली. तिने करंज्या वाटल्या. नवऱ्याच्या बशीत दोन ठेवल्या, इतरांच्या तीन.

ओवाळणीला आधी योगेश बसला. निकिता होती तेव्हा ती त्याच्या कपाळावर एवढा मोठा टिळा लावायची की त्याला पुसून परत लावून घ्यावा लागायचा. आता वैष्णवी ओवाळायची, नेमका लहानसा टिळा लावायची, आणि योगेश खिशातलं ओवाळणीचं पाकीट ताटात ठेवून लगेच उठायचा. तसाच उठला. कुसाबाईने शेखरला ओवाळलं, मग तो आणि वैष्णवी वर गेले. अंजली पोळ्या लाटायला गेली. पाटावर गोरक्ष बसला आणि समोर कुसाबाई.

तिने कुंकू लावलं, अक्षता लावल्या, अंगठी आणि सुपारी ओवाळली, मग निरांजन. डोक्यावर टोपी होती भावाच्या, बापाची जुनी. त्याने खिशात हात घातला.

"थांब," कुसाबाई म्हणाली. "पैसे नकोत औंदा. मागते ते दे."

"माग की."

"माझी जीभ मोकळी कर."

गोरक्षचा हात खिशातच राहिला. स्वयंपाकघरातून लाटण्याचा आवाज येत होता.

"तुझ्या लेकाला सांगू दे मला. एकदाच. त्यो तुला सोडून चाललाय, गोरख. बायको पण नेतोय. म्हातारपणी या घरात एकटा काय भिंतींशी बोलशील?"

"ताई, ते सोडून काय पण माग."

"मला दुसरं काय नको."

"मग ओवाळणी राहिली माझ्याकडं," तो म्हणाला आणि तरीही दोन नोटा ताटात ठेवल्या. निरांजनाजवळ, जळू नयेत म्हणून जरा लांब.

कुसाबाईने ताट खाली ठेवलं. तिला तो रविवार जसाच्या तसा आठवत होता. संक्रांतीला म्हणून ती आली होती. संध्याकाळी अंजलीचं हळदीकुंकू होतं, निकिता काळी साडी नेसायची म्हणून केस धुवायला गेली होती. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. मग दार ठोठावलं. मग दोघा भावांनी दार फोडलं. दवाखान्यातून गोरक्ष एकटाच आधी परत आला, कागद न्यायला म्हणून. कागद कपाटात होते. तो गेला थेट न्हाणीत. स्टुलावर चढला आणि वरच्या काचेच्या पट्ट्यांच्या झरोक्यातून एक कापड ओढून काढलं. निळं, जुन्या साडीचं, घट्ट बोळा केलेलं. वाऱ्याने पोरीला सर्दी होते म्हणून अंजलीने खोचलेलं. गिझरचा धूर बाहेर जायला तेवढी एकच वाट होती.

बोळा त्याने बहिणीच्या हातात दिला. "ताई, हे पोलिसांना दिसायला नको आणि अंजलीला पण नको. तिला कळलं तर ती जगायची नाय. मी सांगतो गिझर हलका होता. मी आणला होता. ते खरंच हाय." आणि कागद घेऊन निघून गेला.

संध्याकाळी पोरीच्या शेवटच्या अंघोळीला अंगणात तीन विटांवर पाणी ठेवलं होतं. कुसाबाईने ते कापड त्या विटांच्या मधल्या जाळात सारलं. बायका रडत होत्या, कोणाचं लक्ष नव्हतं.

पंचनाम्यात झरोका उघडा होता असंच आलं. सगळ्यांनी मग एकच धरलं: स्वस्तातला गिझर.

मंगळवारी सकाळी दुकानाकडून सोमनाथ नावाचा माणूस जागा बघायला आला. कुसाबाई जायची होती, पण गोरक्षने एक दिवस थांब म्हटलं म्हणून राहिली. योगेशची दुसरी पाळी होती, तोही घरात. सोमनाथ गच्चीवर गेला, टेपने माप घेतलं, खाली आला, पाण्याच्या टाकीचा पाइप कुठून उतरतो ते पाहिलं.

"गच्चीवर जागा मस्त आहे," तो म्हणाला. "गरम पाणी कुठल्या बाथरूममध्ये सोडायचं?"

शेखरने मागच्या दाराकडे हात केला.

"मागे पत्र्याचा आडोसा आहे," शेखर म्हणाला.

"तिथे कसं सोडणार साहेब? भिंत नको का पाइपला? घरात एक बाथरूम आहे ना, हे? कुलूप आहे त्याला."

गोरक्ष अंजलीकडे बघत होता. "राहू दे," तो म्हणाला. "मागे भिंत बांधून घेऊ नवीन. त्याचा खर्च वेगळा धरा."

"अहो, कशाला उगाच तीस-चाळीस हजार…"

अंजलीने कमरेचं जुडगं काढलं. किल्ली शोधावी लागली नाही. कुलूप गंजलं होतं. तिने दोनदा हिसडा दिला तेव्हा उघडलं. आत फरशीवर धूळ, नळाला कोळिष्टकं, भिंतीला गिझर काढल्याची दोन भोकं. दाराची कडी नव्हतीच. दार फोडलं तेव्हा निघाली ती परत लावली नव्हती.

सोमनाथने वर पाहिलं. "झालं काम. त्या झरोक्यातून पाइप आत घेतो. दोन पट्ट्या काढायच्या, उरलेली फट बंद करून टाकू. भिंत फोडायची गरज नाही, तुमचे पैसे वाचतील."

अंजली आत गेली. कोपऱ्यातलं स्टूल ओढलं. पत्र्याचं जुनं स्टूल, तेच. त्यावर चढली आणि पट्ट्यांमध्ये बोटं घातली. बोटांना चार वर्षांची धूळ लागली.

"इथे माझ्या निळ्या साडीचा तुकडा होता," ती म्हणाली. मागे न बघता. "मीच खोचला होता. शनिवारी संध्याकाळी. कोणी काढला?"

योगेश दारात उभा होता.

"काही नव्हतं तिथे," गोरक्ष म्हणाला. "मी बघितलं होतं. उघडा होता झरोका."

"मी ते कापड शोधतेय," अंजली म्हणाली. "रोज नाही शोधत. पण शोधतेय. माळ्यावरची गाठोडी सोडून पाहिली. पायपुसणी उसवून पाहिली. जर ते कुठे घरात सापडलं, तर निकूनेच काढून ठेवलं असेल असं मी म्हणेन. तिला सवय होती, माझं काही ऐकायची नाही. पण सापडत नाही." ती स्टुलावरून वळली. "वन्सं, तुम्ही होतात घरात. तुम्ही सांगा."

कुसाबाईने भावाकडे पाहिलं. त्याने मान हलवली, अगदी किंचित, नको म्हणून. भाऊबीजेला तिने तोंड उघडायची परवानगी मागितली होती आणि त्याने दिली नव्हती. पण तेव्हा ती योगेशला सांगणार होती. आता विचारत होती ती अंजली. विचारलेल्याला खोटं कसं सांगायचं, हे कुसाबाईला या वयापर्यंत जमलं नव्हतं.

"व्हतं, अंजली," ती म्हणाली. "झरोक्यात व्हतं. यानं काढलं, मी चुलीत घातलं."

अंजली स्टुलावरच बसली. तिच्या पायात चप्पल नव्हती, टाचा भेगाळलेल्या होत्या, धुरासमोर बसून बसून साडीला वास लागलेला. ती हाताच्या धुळीकडे बघत होती.

"चार वर्षं मी तुम्हाला टोचतेय," ती नवऱ्याला म्हणाली. "दरवेळी वाटायचं, आज चिडतील. आज म्हणतील, तू काय केलंस ते बघ आधी. एकदा जरी म्हणाला असतात तर मला कळलं असतं. तुम्ही नुसतं म्हणता, मीच आणला."

"मीच आणला होता," गोरक्ष म्हणाला. "ते कापड नसतं तरी आणला मीच होता. झरोका कोंडलाय हे मला आधी दिसायला पायजे होतं. बॉयलरवर जन्म गेला माझा."

एवढं बोलून तो भिंतीकडे वळला. शेखर पुढे झाला, पण दादाला हात लावू की नको हे त्याला कळेना, तो तसाच उभा राहिला.

योगेश आईकडे बघत होता, मग बापाच्या पाठीकडे. एवढी वर्षं घरात जे बोलून ठेवलं होतं त्यातलं परत घेण्यासारखं काय होतं? तो आत गेला, आईपाशी फरशीवर बसला, धुळीत. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तिची धूळ त्याच्या केसांना लागली.

सोमनाथ कधीचा अंगणात निघून गेला होता. बिचारा टेप गुंडाळत उभा होता. थोड्या वेळाने गोरक्ष बाहेर आला, डोळे पुसलेले.

"काका, मी परत येऊ का दुसऱ्या दिवशी?"

"नको. काम धरा."

"मग झरोक्यातून घेतो पाइप?"

"नाही," आतून योगेश म्हणाला. तो दारात आला होता. "झरोक्याला हात लावू नका. भिंत फोडा, खालून घ्या."

"फोडायचे वेगळे पडतील दादा. परत प्लास्टर, टाईल…"

योगेशने बापाकडे पाहिलं. खूप दिवसांनी सरळ पाहिलं.

"पडू दे," गोरक्ष म्हणाला. "झरोका उघडा राहिला पायजे."

त्या आठवड्यात यंत्र बसलं. बंब कुसाबाईने परत नेला नाही. तो अंगणात कोपऱ्यात पालथा राहिला. न्हाणीत पहिल्यांदा अंजली गेली. दाराला नवी कडी होती, तिने लावली नाही, आणि तिची अंघोळ होईपर्यंत गोरक्ष दाराबाहेर पाठ करून पाटावर बसून राहिला. मधूनमधून तो विचारायचा, "पाणी येतंय का गरम?" आणि आतून उत्तर यायचं, "येतंय." वाफ झरोक्यातून बाहेर जात होती.

योगेशला क्वार्टर मिळालं. लग्नानंतर तो यशश्रीला घेऊन ओझरला गेला. अंजली गेली नाही.

निकिता गोरक्ष आहेर, वय एकोणीस, रविवार दिनांक १७ जानेवारी २०२१ रोजी जेलरोडच्या घरात, न्हाणीत, गिझरच्या धुराने गुदमरून वारली.